केटरर कुणाचं काम आनंदाने घेतो? अडीचशे ताटांच्या मुंजीच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे: फेब्रुवारीत नाशिकला मुलाची मुंज आहे, गंगापूर रोडवरचं एक लॉन ठरलंय, माणसं "अडीचशे-तीनशे". दोन केटररांनी मेनू ऐकला, आकडा विचारला, "कळवतो" म्हणाले आणि परत फोनच केला नाही. दरात घासाघीस केलेली नसताना असं का व्हावं, आणि केटररला नेमकं कसं गिऱ्हाईक हवं असतं?

बहुतेक वेळा याचं कारण मेनूत नसतं, दरातही नसतं. ते "अडीचशे-तीनशे" या शब्दात असतं. समजा ताट ३५० रुपयांचं धरलं, तर ५० ताटांचा फरक १७,५०० रुपयांचा होतो. एवढ्या कामात केटररच्या हाती निव्वळ उरणारे पैसे याच्याच आसपास असतात. तीनशेचा शिधा शिजवला आणि अडीचशेच जेवले, तर त्याची सगळी मेहनत पाण्यात. अडीचशेचा शिजवला आणि तीनशे आले, तर शेवटच्या पन्नास जणांपुढे रिकामं पातेलं, आणि गावभर नाव त्याचं खराब. त्यात मुंजीची चांगली तिथी म्हणजे त्या एकाच दिवसासाठी त्याच्याकडे आणखी दोन-तीन विचारणा आलेल्या असतात. ज्याचा आकडा पक्का, त्याचं काम तो आधी धरतो.

तेव्हा चांगलं गिऱ्हाईक म्हणजे जास्त पैसे देणारं असा समज आधी काढून टाका. जे घर आकडा आणि वेळ या दोन गोष्टी खऱ्या आणि वेळेत सांगतं, त्याच्यासाठी केटरर दाट तिथीलाही, म्हणजे एकाच दिवशी पुष्कळ कार्यं असतानाही, आपला हुकमी आचारी राखून ठेवतो आणि दरातही थोडं सोडतो. कारण तिथे त्याला धोका कमी असतो.

आकडा काढायचा कसा, ते आधी. पत्रिका मोजू नका, माणसं मोजा. वहीत घरागणिक नावं लिहा आणि प्रत्येक घरातले किती जण येतील ते तीन रकान्यांत मांडा: नक्की येणारे, बहुधा येणारे, आणि बोलवायलाच हवं म्हणून बोलावलेले. पहिल्या रकान्यातले शंभरात ९५, दुसऱ्यातले ६० आणि तिसऱ्यातले २५ धरावेत, असा ठोकताळा आहे. समजा तुमच्या यादीत १४० नक्की, १३० बहुधा आणि १०० तिसऱ्या रकान्यातले निघाले. हिशेब होतो १३३ अधिक ७८ अधिक २५, म्हणजे २३६. बोलावणी ३७० जणांना गेली तरी जेवायला दोनशे चाळीसच्या आतबाहेर येतील. हा कागद केटररसमोर ठेवलात की बोलण्याचा सूरच बदलतो.

ठोकताळ्यात वाराचा फरक धरावा लागतो. मुंज कामाच्या दिवशी असेल, तर सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली मंडळी एकेकटी येतात, तीही शिफ्ट सांभाळून. रविवार असेल तर तीच सहकुटुंब येतात. दाट तिथी असेल तर एका माणसाला त्या दिवशी तीन ठिकाणी हजेरी लावायची असते आणि जेवण एकाच ठिकाणी होतं, त्यामुळे मंडपात गर्दी दिसते पण ताटं कमी लागतात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या निमंत्रणाला आलेला अंगठा म्हणजे होकार नव्हे. तिसऱ्या रकान्यातल्यांना नाही, पण दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक घराला आठवडाभर आधी फोन करून "किती जण येताय?" एवढं विचाराच. कुणाला राग येत नाही.

मग केटररशी ठरवायचे ते तीन आकडे. किमान ताटं, म्हणजे माणसं कमी आली तरी ज्याचे पैसे तुम्ही द्याल: वरच्या हिशेबात २२०. अपेक्षित: २४०. आणि शिजवायची तयारी: २६०. किमानाच्या वर जितकी ताटं उठतील, म्हणजे वापरली जातील, तितक्यांचेच पैसे. पंधरा दिवस आधी अंदाज, आठ दिवस आधी सुधारलेला अंदाज आणि ७२ तास आधी शेवटचा आकडा, हा क्रम पाळा. बहात्तर तासच का, तर श्रीखंडाचा चक्का दोन दिवस आधी सांगावा लागतो, वाढपी पुरवणाऱ्या मुकादमाला माणसांची संख्या त्याच्याही आधी द्यावी लागते आणि बिछायतवाल्याकडून ताटं-वाट्या मोजून उचलायच्या असतात. भाजी तेवढी आदल्या दिवशी पंचवटीच्या मार्केट यार्डातून किंवा भद्रकालीतून येते, तिच्यात थोडं मागेपुढे होऊ शकतं. शेवटच्या २४ तासांत आकडा पाच-दहा टक्क्यांनी वाढवता येतो, कमी करता येत नाही, हे मनाशी पक्कं असू द्या.

ताटांची मोजणी हा सर्वांत जास्त भांडणं होणारा भाग. आणि तो टाळणं सर्वांत सोपं आहे. सकाळी काउंटर लागताना स्टीलच्या ताटांच्या पंचवीस-पंचवीसच्या थप्प्या लावायच्या, तुमचा एक माणूस आणि केटररचा एक माणूस दोघांनी मिळून मोजायच्या आणि आकडा वहीत लिहून दोघांनी सही करायची. समजा ३०० ताटं मांडली. जेवणं उरकल्यावर न वापरलेली ६२ राहिली, तर २३८ उठली. धुतलेली ताटं परत काउंटरवर आली असतील तर ती खेप वेगळी लिहायची; बहुतेक घोळ इथेच होतो. एकाने दोन ताटं घेतली, लहान मुलाने ताट घेऊन टाकून दिलं, असे आठ-दहा नग इकडेतिकडे होणारच. त्यावर वाद घालणाऱ्या घराला केटरर पुढच्या वेळी दर लावताना हे आठ-दहा नग आधीच धरून ठेवतो. लहान मुलांचं आधी बोलून घ्या: पाच वर्षांखालचं मोजायचं नाही, पाच ते दहा अर्धं, असं बहुतेक जण मान्य करतात.

ताटात न दिसणारी माणसं असतात, ती यजमान हमखास विसरतात. फोटोवाले, सनई-चौघडा किंवा बँडवाले, मंडपवाल्याची पोरं, पाहुण्यांच्या गाड्यांचे ड्रायव्हर, लॉनचे सफाई कामगार. पंधरा ते तीस ताटं सहज होतात. यांचं जेवण कुणाच्या हिशेबात आणि कधी, हे आधी सांगा. माझ्या मते त्यांना तेच जेवण, शेवटच्या पाहुण्यांबरोबरच, बसून मिळावं. त्यांच्यासाठी वेगळी पातळ आमटी करायला सांगणारं घर चांगल्या आचाऱ्याच्या मनातून उतरतं.

आता वेळ. मुंजीत जेवणाच्या दोन वेळा असतात, हे सांगायचं राहून जातं. मुहूर्ताच्या आधी मातृभोजन असतं: आई, बटू आणि अष्टवर्गाचे आठ बटू. ताटं जेमतेम दहा-बारा, पण ती पूर्ण हवीत आणि सकाळी हवीत. वरण-भात-तूप, पुरी, कांदा-लसूण नसलेली एक भाजी, जिलबी किंवा लाडू. मुहूर्त साडेदहाचा असेल तर हे ताट साडेआठ-नऊला लागतं. ज्या केटररला हे आदल्या रात्री कळतं, त्याचा आचारी सकाळी सहाला येणार असतो आणि भट्टीवर पोह्यांचं पातेलं असतं. त्याला पाचलाच यावं लागतं, एक शेगडी वेगळी ठेवावी लागते, गुरुजी सोवळ्याचं मानणारे असतील तर भांडीही वेगळी. पहिल्याच भेटीत सांगितलंत तर यात अवघड काही नाही. नैवेद्याची ताटं किती आणि किती वाजता, गुरुजींचं जेवण कधी, भिक्षावळीचे लाडू केटररने करायचे की घरून येणार, हेही त्याच भेटीत सांगून टाका. नाश्त्याचा आकडाही वेगळा द्या. सकाळी आठला अडीचशे माणसं नसतात, घरची आणि मुक्कामाची शंभर-सव्वाशे असतात.

दुपारच्या जेवणाला पत्रिकेतली वेळ कामाची नसते, खरी वेळ लागते. मसालेभाताचं गणित बघा. अडीचशे माणसांना साधारण १७-१८ किलो तांदूळ लागतो, त्यातला १०-११ किलो मसालेभाताचा, बाकी साध्या भाताचा. एवढ्या पातेल्याला आधण यायला २५ मिनिटं, शिजायला २०-२५ आणि दमाला १५. म्हणजे पहिलं ताट उचललं जाण्याच्या तास-सव्वा तास आधी आचाऱ्याला इशारा मिळाला पाहिजे. मुहूर्त तासभर पुढे सरकला आणि स्वयंपाकघरात कुणी सांगितलंच नाही, तर तो भात आतल्या वाफेने गिच्च होतो, कोशिंबीर पाणी सोडते, भजी मऊ पडतात, मठ्ठ्याला उन्हात आंबूस वास सुटतो आणि श्रीखंड वाटीत पसरायला लागतं. पाहुणे म्हणतात, आचारी बिघडला. प्रत्यक्षात बिघडलेली असते ती एका फोनची वेळ. "सव्वा तासात जेवणं सुरू होतील" असा फोन स्वयंपाकघरात करायचं काम एका माणसाकडे नेमून द्या. तेवढ्यानेच जेवणाचा दर्जा दिसेल इतका सुधारतो.

पाहुणे कुठून येणार, हेही सांगण्यासारखं असतं. निफाड, सिन्नर, दिंडोरी भागातली मंडळी गाडी करून एकत्र येतात आणि एकदमच जेवायला बसतात. जेवून लगेच परत निघायची घाई असते, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाची तोड चालू असते. शहरातली माणसं दोन तासांत विखरून येतात. दीडशे माणसं एकदम येणार असतील तर पुऱ्या आधी तळून ठेवाव्या लागतात आणि काउंटर दोन लागतात. थोडी थोडी येणार असतील तर कढईतून थेट ताटात देता येतात. दोन्हीची तयारी वेगळी.

मेनू ठरवताना पदार्थ वाढवण्याआधी कढई मोजा. एका मोठ्या कढईतून एका घाण्याला बारा-पंधरा पुऱ्या निघतात, लाटणारी माणसं पुरेशी असतील तर तासाला चारशेच्या आसपास. अडीचशे माणसांना माणशी चार धरल्या तर हजार पुऱ्या, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या सव्वा तासात हव्या असतात. म्हणजे दोन कढया सतत पुरीवरच. आता यजमान म्हणतात, "भजीही गरमच द्या, जिलबीही समोरच काढा." झाल्या चार कढया, चार तळणारे, दोन जादा व्यावसायिक सिलिंडर आणि लॉनवरच्या वाऱ्यात उडणारी आच सांभाळायला पत्र्याचा आडोसा. हे सगळं होतं, पण त्याचे पैसे पडतात. ते द्यायचे नसतील तर गरम तळण एकच ठेवा. केटरर नुसतं "होईल" म्हणाला, तर "कढया किती लावणार?" एवढा एक प्रश्न विचारून बघा, उत्तरावरून तुम्हालाही माणसाची पारख होते.

बाकी प्रमाणं थोडक्यात, म्हणजे कुणी फारच कमी किंवा फारच जास्त सांगत असेल तर तुम्हाला कळेल. शंभर माणसांना तूरडाळ साडेतीन-चार किलो. दोन भाज्या असतील तर प्रत्येकीची निवडलेली भाजी बारा ते चौदा किलो. पनीर पाच-सहा किलो. श्रीखंड बुफेत दहा किलो, पंगतीत आग्रह होणार असेल तर बारा. मठ्ठा बारा लिटर, उन्हाळ्यात पंधरा. खानदेशी पाहुणे जास्त असतील आणि वरणबट्टीचा बेत असेल तर तांदूळ जवळजवळ निम्म्यावर येतो आणि तूप मात्र सढळ लागतं. हा बेत आधी न सांगता भाताचं प्रमाण तेच ठेवलं की पातेलंभर भात उरतो.

दरावर बोलताना एक गोष्ट समजून घ्या. ताटाच्या दरातला निम्म्याच्या आसपास भाग किराणा, भाजी आणि दूधदुभत्याचा असतो; मग मजुरी, गॅस, वाहतूक, भांड्यांचं भाडं. ३५० चं ताट तुम्ही भांडून ३०० ला आणलंत, तर ते ५० रुपये कुठून तरी निघणारच. ते निघतात रस्स्यातल्या काजूच्या जागी मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) घालून, साजूक तुपाच्या जागी वनस्पती, शेंगदाणा तेलाच्या जागी पाम, दहा वाढप्यांच्या जागी सात. मेनूचा कागद तोच राहतो, जेवण बदलतं. त्यापेक्षा सरळ म्हणा, "आमचं बजेट ३०० आहे, यात काय चांगलं बसेल?" केटरर एक पंजाबी भाजी आणि वेलकम ड्रिंक काढेल, श्रीखंड ठेवून दुसरं गोड काढेल आणि उरलेलं मन लावून करेल. चार पदार्थ कमी असलेलं पण नीट जमलेलं जेवण लोकांच्या जास्त लक्षात राहतं, हे माझं ठाम मत आहे. फेब्रुवारीत नाशिकला गोडाचा दुसरा पदार्थ हवाच असेल तर ताजी द्राक्षं आहेतच. फ्रूट सॅलड आयत्या वेळी करावं, तास-दोन तास आधी मुळीच नाही.

दरात काय धरलंय आणि काय नाही, ते लेखी घ्या. पिण्याचं पाणी जारचं की बाटलीचं, टेबल-खुर्च्या आणि त्यांच्या चादरी, भांडी घासायची माणसं, टेम्पोचं भाडं, पानविडा, जीएसटी धरून की सोडून, आदल्या रात्रीचं घरच्यांचं जेवण, हरवलेल्या वाट्या-चमच्यांची भरपाई. यातल्या प्रत्येक ओळीवर कुठे ना कुठे भांडण झालेलं असतं. कागद एक पानाचा पुरे, पण दोघांच्या सह्यांचा हवा.

जागेबद्दलची माहिती तुम्हीच काढून द्यायची असते, कारण लॉनशी करार तुमचा असतो. बाहेरचा केटरर चालतो का, चालत असेल तर स्वयंपाकघराचं वेगळं भाडं किंवा रॉयल्टी कोण भरणार, हे विसार देण्याआधी विचारा. नंतर कळलं तर तो बोजा कुणाच्या माथी यावर सगळं अडतं. पाणी किती: पिण्याचं सोडून स्वयंपाक आणि धुण्याला ताटामागे सात-आठ लिटर धरावं, म्हणजे अडीचशेला दोन हजार लिटरच्या आसपास. टाकी लहान असेल तर टँकर कुणी सांगायचा? भट्टीवर छत आहे का? फेब्रुवारीत पावसाची भीती कमी, पण मार्च-एप्रिलचा अवकाळी आणि गारपीट नाशिककरांना सांगायला नको. फेब्रुवारीतली सकाळ मात्र थंड असते. उघड्या लॉनवर काढून ठेवलेली भाजी पंधरा मिनिटांत कोमट होते, म्हणून नाश्त्यालाही भांड्याखाली आच लागते. आणि सर्वांत महत्त्वाचं, ताबा कधी मिळणार. आदल्या रात्री तिथे रिसेप्शन असेल आणि तुम्हाला सकाळी सहाला चावी मिळणार असेल, तर स्वयंपाकघर खरकट्याने भरलेलं असतं आणि साफसफाईतच तास जातो. अडीचशेच्या दुपारच्या जेवणाला भट्टी पेटल्यापासून पाच-सहा तास लागतात. शक्य असेल तर निदान स्वयंपाकघराचा ताबा आदल्या रात्रीपासून घ्या.

कार्यक्रम सोसायटीच्या गच्चीवर किंवा रो-हाउससमोरच्या मांडवात असेल तर हे प्रश्न आणखी टोकदार होतात: सिलिंडर वर न्यायला सोसायटीची परवानगी, लिफ्टमध्ये बसणारं पातेलं, टेम्पो कुठपर्यंत येतो, खरकटं कुठे जातं. ओला-सुका कचरा वेगळा करूनच घंटागाडीत द्यावा लागतो, आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. स्वस्त पडतात म्हणून त्यांचा हट्ट धरू नका. दंडाची पावती कुणाच्या नावावर फाटणार हा वाद नंतर होतो.

माणूस एकच नेमा. मुंजीत आई-वडील होमापाशी बसलेले असतात, उठता येत नाही. तेव्हा बटूचा मामा, काका, आत्या, कुणीही असो, पण त्याच्याकडे चार गोष्टींचा पूर्ण अधिकार हवा: जेवणं सुरू करा म्हणण्याचा, शिधा वाढवण्याचा, ताटांच्या मोजणीवर सही करण्याचा आणि उरलेलं कुणाला द्यायचं ते ठरवण्याचा. त्याचा नंबर केटररकडे, केटररच्या सुपरवायझरचा त्याच्याकडे. बाकीच्या नातेवाइकांनी स्वयंपाकघरात जाऊन "मीठ कमी वाटतंय", "जरा तिखट करा" असं सांगायचं नाही, हे घरात आधीच बोलून ठेवा. तिघांनी तीन वेळा मीठ घालायला सांगितलं तर आमटीचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

हाच माणूस ऐनवेळची अडचणही निभावतो. समजा दीड वाजता लक्षात आलं की चाळीस माणसं जास्त आहेत. श्रीखंड आणि पनीर अर्ध्या तासात वाढत नाही. भात, वरण, पुरी आणि बटाट्याची सुकी भाजी वाढते. म्हणून कोरडा जादा शिधा जागेवर ठेवायला सांगा: तीन किलो तांदूळ, दीड किलो डाळ, तीन किलो कणीक, चार-पाच किलो बटाटे. वापरला तर पैसे, नाही वापरला तर केटरर परत नेतो. त्याला कळवायची वेळ मात्र वरणाच्या पातेल्याचा तळ दिसायच्या आधीची, निम्मं झालं तेव्हाची. श्रीखंडाची वाटी त्या क्षणापासून वाढप्याच्या हातून, एकेकच द्यायला लावा.

पंगत की बुफे, हा प्रश्न मुंजीत पुष्कळदा येतो. दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल असा बुफे काउंटर मिनिटाला आठेक माणसं पुढे सरकवतो, म्हणजे अडीचशे जण अर्ध्या-पाऊण तासात वाढून घेतात. पंगतीत ऐंशी-नव्वदच्या तीन पंगती, प्रत्येकीला आवराआवर धरून ४५ ते ५० मिनिटं, आणि पंगतीमागे आठ-दहा वाढपी. दाट तिथीला तयार वाढपी मिळणं अवघड जातं आणि मुकादम नवखी पोरं पाठवतो, म्हणून पंगत हवी असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा. ज्येष्ठांसाठी वीस-पंचवीस पानांची एक पंगत आणि बाकीच्यांना बुफे, हा मधला मार्ग बहुतेक घरांना सोयीचा पडतो.

पथ्याचंही आधीच. जैन पाहुणे किती, त्यातले कांदा-लसूण-बटाटा न खाणारे किती, संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर सूर्यास्ताआधी जेवणारे किती. त्या दिवशी एकादशी किंवा चतुर्थी येते का, ते पंचांगात बघा. पंधरा-वीस उपवासाची ताटं आयत्या वेळी निघत नाहीत. आणि कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर ते ठळक सांगा, कारण आपल्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, उसळीत दाण्याचं कूट असतंच.

एवढं सगळं वाचून असं वाटू देऊ नका की चांगलं गिऱ्हाईक म्हणजे गप्प राहणारं. चांगले केटरर प्रश्न विचारणाऱ्या घराला मान देतात. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ अंकी क्रमांक मागा. तेलाचे डबे तुमच्यासमोर फोडायला सांगा. पनीर आणि खवा कुठून येतो ते विचारा. चव बघायला जायचं तर दोघा-तिघांनी जा, आणि चार माणसांपुरतं छोट्या कढईत केलेलं पनीर चाखण्यापेक्षा त्याच्या एखाद्या चालू कार्यक्रमात, त्या यजमानांची परवानगी घेऊन, वरण, साधी सुकी भाजी आणि भात चाखा. मोठ्या पातेल्यातलं वरण ज्याला साधतं, त्याला बाकीचं साधतं. कार्याच्या दिवशी तक्रार असेल तर ती सुपरवायझरकडे आणि नेमकी करा: "डावीकडच्या काउंटरवर वरण संपलंय", "तिसऱ्या टेबलाकडे पाणी नाही". वाढणाऱ्या पोरावर ओरडून काहीच हलत नाही. मठ्ठ्याला किंवा दुधाच्या पदार्थाला वास येतोय असं वाटलं तर मात्र भीडभाड नको, ते भांडं तिथल्या तिथे उचलायला लावा.

उरलेल्या अन्नाचं. किमान ताटांचे पैसे तुम्ही दिले असतील तर उरलेलं तुमचं, हे न्यायाचं आहे. पण पाच ते साठ अंश तापमानात शिजलेलं अन्न चार तासांहून जास्त राहिलं की ते धोक्याचं होतं, म्हणून पॅकिंग जेवणं उरकल्यावर लगेच करा आणि पनीर, कोशिंबीर, मठ्ठा, रसमलाई बांधून देऊ नका. पुऱ्या, सुकी भाजी, जिलबी, लाडू द्या. केटररने दुधाचं बांधून द्यायला नकार दिला तर तो अडवणूक करत नसतो. उन्हात गाडीत तीन तास राहिलेल्या डब्याचा दोष दुसऱ्या दिवशी त्याच्याच माथी येतो.

पैसे असे द्या: तारीख धरताना २५ टक्के विसार, आठवडाभर आधी ५० टक्के, कारण किराणा, चक्का आणि भांड्यांचं भाडं तेव्हाच रोख जातं, आणि उरलेले त्याच दिवशी, मोजणीच्या वहीवर सह्या झाल्या की. "उद्या-परवा बघू" हे वाक्य केटररला सर्वांत जास्त बोचतं. आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका यांची मजुरी त्याच दिवशी द्यावी लागते. ती तो आपल्या खिशातून देतो आणि तुमच्यामागे फोन करत राहतो. तारीख बदलली किंवा रद्द झाली तर काय, हेही त्या एका पानावर लिहा. महिनाभर आधी रद्द झालं तर विसार पुढच्या कार्याला धरावा, आठ दिवस आधी झालं तर विसार सोडावा, दोन दिवस आधी झालं तर दूध, चक्का, भाजी आणि मुकादमाला दिलेले पैसे यजमानांनी भरावेत, असं ठरवलं तर दोन्ही बाजूंना पटतं.

तारखेचं एक नाशिकपुरतं: तुमची मुंज पुढे ढकलली जाण्याची शक्यता असेल तर २०२७ च्या सिंहस्थाचा विचार करूनच तारीख धरा. पर्वणीच्या सुमाराला पंचवटी आणि गोदाकाठच्या भागात वाहनांवर निर्बंध येतात, टेम्पो वेळेवर पोहोचण्याची खात्री राहत नाही आणि आचारी-मजूर मोठ्या अन्नछत्रांकडे ओढले जातात.

वाढप्यांना बक्षिशी द्यायची असेल तर ती यजमानांनी, सगळे समोर असताना, मुकादमाच्या हातात द्यावी आणि रक्कम मोठ्याने सांगावी, म्हणजे ती सर्वांत वाटली जाते. भांडी घासणाऱ्या बायका मागच्या बाजूला असतात आणि बहुतेक वेळा राहून जातात. त्यांचं पाकीट वेगळं करून त्यांच्याच हातात द्या.